दिसतं तसं – भाग ९ : खळगा की टेंगूळ?

घरात बिडाचं अप्पेपात्र असेल तर ते धुऊन, पुसून खिडकीजवळ ठेवा. उजेड पात्राच्या पलीकडून यायला हवा. फ्लॅश बंद करून वरून एक फोटो काढा. प्रत्येक खळग्याची पलीकडची बाजू सावलीत आणि अलीकडची उजळ येईल. आता ऑटो रोटेट बंद करून मोबाइल उलटा धरा. बहुतेकांना खळगे नाहीसे होऊन तिथे टेंगळं आलेली दिसतात. मोबाइल सरळ केला की पुन्हा खळगे.

गेल्या भागात पूर्णचंद्र फोटोत एवढासा का येतो ते पाहिलं. तिथे निदान लेन्सला बोल लावायची सोय होती. इथे कॅमेऱ्याने चोख काम केलेलं असतं.

फोटो सपाट असतो, त्यात असतात त्या फक्त उजळ-गडद छटा. वरून उजेड पडलेला खळगा आणि खालून उजेड पडलेला उंचवटा यांच्या छटांमध्ये फारसा फरक नसतो. मग मेंदू उजेड वरूनच येतोय असं गृहीत धरतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. प्रत्यक्ष भांडं समोर असताना दोन डोळे असतात, मान हलवता येते, खिडकी कुठे आहे हेही ठाऊक असतं. फोटोत यातलं काहीच उरत नाही.

पण ‘वर’ म्हणजे कुठे? व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली ‘नेचर’मध्ये छटा आणि आकार यांवरचा त्यांचा गाजलेला निबंध लिहिला. त्यांच्या चित्रांत नुसती गोल वर्तुळं असतात. वरची कड उजळ असली की फुगीर वाटतात, गडद असली की खोलगट. गंमत अशी, की कागद तसाच ठेवून तुम्ही ओणवे होऊन पायांमधून पाहिलंत तरी फुगीर ते खोलगट होतं. म्हणजे मेंदूच्या लेखी ‘वर’ म्हणजे आभाळ नव्हे, आपल्या टाळूकडची बाजू. आभाळात सूर्य खरोखर कुठे आहे याची चौकशी करायच्या फंदात तो पडत नाही. मला यात आळसापेक्षा व्यवहारचातुर्यच जास्त दिसतं. माणूस दिवसभर डोकं वर ठेवूनच वावरतो, मग एवढ्या हिशेबात कोण शिरणार?

किल्ल्यांवरच्या शिलालेखांचे फोटो काढणाऱ्यांना मात्र हे चातुर्य महागात पडतं. देवनागरी लेखांत अक्षरं बहुधा खोदलेली, फारसी लेखांत बहुधा उठावाची. तिरप्या उन्हात काढलेला फोटो पाहताना उजेडाची दिशा उलटी धरली गेली की खोदीव अक्षर उठावाचं वाटतं, आणि दगडावरची साधी खपलीसुद्धा काना-मात्रा होऊन बसते. म्हणून टॉर्च डाव्या-वरच्या कोपऱ्यातून तिरपी धरावी, आणि दुसरा फोटो उजेडाची बाजू बदलून काढावा. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये सावल्याच पुसल्या जातात. अक्षरंही मग दगडात मुरतात.

सगळ्यात मोठी फसगत होते ती उपग्रहाच्या फोटोत. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग असतात, त्यामुळे स्वच्छ फोटो मिळतात ते मुख्यतः हिवाळ्यातले. लँडसॅटसारखे उपग्रह सकाळी दहाच्या आसपास जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, आणि उत्तर वर ठेवलेल्या फोटोत उजेड उजव्या-खालच्या कोपऱ्यातून येतो. मेंदूला हे मान्य नसतं. दऱ्या डोंगर होतात, डोंगर दऱ्या होतात, आणि कोयनेच्या शिवसागराचं पाणी डोंगराच्या कण्यावर चढून बसल्यासारखं वाटू लागतं. पाणी माथ्यावर राहत नाही हे पक्कं ठाऊक असूनही ते खाली उतरायला तयार नसतं.

नकाशे काढणाऱ्यांनी यावर तोडगा म्हणून सरळ खोटा सूर्य लावला. डोंगरांना छटा देताना उजेड वायव्येकडून येतो असं धरायचा त्यांचा रिवाज आहे. युरोपात भरदुपारी सूर्य तिथे कधीच नसतो, पण डोंगर डोंगरासारखे दिसतात. उपग्रहाच्या फोटोला ही सोय नाही. तो उलटा करून पाहिला की शिवसागर मुकाट्याने दरीत जातो. गावांची नावं तेवढी उलटी वाचावी लागतात.