जुन्या चर्चला नवे दिवे: उजेड किती, कुठून?

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका १६०५ पासून उभी आहे. १९८६ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. अशा वास्तूत दिवे बदलताना लख्ख उजेड हे यशाचे माप नव्हे. सोनेरी मुलाम्याची कोरीव वेदी घडली ती मेणबत्त्या आणि खिडक्यांतून येणाऱ्या तिरप्या उजेडाच्या काळात. समोरून सपाट झोत टाकला, की नक्षीतल्या सावल्या पुसल्या जातात. म्हणून २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर छटेचे, बाजूने पडणारे सौम्य दिवेच योग्य.

एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात, मग भीती कसली, असे विचारले जाते. पण रंग दृश्य प्रकाशानेही उडतात आणि हे नुकसान साचत जाते: २०० लक्स उजेडाचे २ तास म्हणजे ५० लक्सचे ८ तास. दुसरा आक्षेप रास्त आहे. वयस्क भाविकांना प्रार्थनेचे पुस्तक वाचता आलेच पाहिजे. त्यासाठी बाकांवरचे दिवे वेगळ्या स्विचवर घ्यावेत आणि मिस्सा (चर्चमधील उपासना) संपताच मंद करावेत. तारांसाठी भिंतींचा जांभा दगड मात्र फोडू नये. दिवे दहा-पंधरा वर्षांत बदलतात, भिंतीला पडलेले भोक कायमचे राहते.