उभ्याचे आडवे : एक्सेलमधला तक्ता फिरवताना

तक्त्यातल्या ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करण्याला एक्सेलमध्ये 'ट्रान्सपोज' म्हणतात. यात एकही आकडा बदलत नाही, फक्त त्याची जागा बदलते. दुसऱ्या ओळीच्या पाचव्या रकान्यातला आकडा पाचव्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यात जातो. ज्या घराच्या ओळीचा आणि रकान्याचा क्रमांक एकच असतो, ते घर जागचे हलत नाही. ही क्रिया संगणकापेक्षा जुनी आहे. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने 1858 सालच्या आपल्या निबंधात ती मांडली होती.

एक उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यातले डिंगोरे गाव ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जवळच पिंपळगाव जोगे धरण आहे. कुकडी प्रकल्पात या धरणासह माणिकडोह, येडगाव, वडज आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे अशी पाच धरणे येतात. समजा, या पाचांच्या पाणीसाठ्याचा तक्ता करायचा आहे. डावीकडे धरणांची नावे आणि वर जून ते सप्टेंबर हे महिने घेतले, की प्रत्येक धरण कसे भरत गेले ते एका ओळीत वाचता येते. तक्ता फिरवून महिने डावीकडे आणले, की एका महिन्यात पाचही धरणांत मिळून किती पाणी होते ते ओळीने दिसते. म्हणून वाचणाऱ्याचा प्रश्न कोणता, यावर तक्त्याची मांडणी ठरते.

शीर्षके धरून हा तक्ता सहा ओळींचा आणि पाच रकान्यांचा होतो. तो निवडून कॉपी करावा. कट केल्यास पुढची सोय मिळत नाही. मग मोकळ्या जागेतल्या एका घरावर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबाव्यात. 'पेस्ट स्पेशल'ची खिडकी उघडते. तिच्यात 'ट्रान्सपोज'वर खूण करून ओके म्हटले, की पाच ओळी आणि सहा रकाने तयार होतात. नवा तक्ता मूळ तक्त्यावर चढता कामा नये. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांतही पेस्ट स्पेशलमध्ये ही सोय आहे.

अशी प्रत मूळ तक्त्यापासून तुटलेली असते. मूळ आकडा दुरुस्त केला तरी तिच्यात जुनाच राहतो. दुरुस्ती आपोआप उतरायला हवी असेल, तर ट्रान्सपोज हेच नाव असलेले सूत्र वापरावे. बरोबरच्या चिन्हापुढे ते नाव रोमन अक्षरांत लिहून कंसात मूळ तक्त्याची व्याप्ती द्यायची. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत उत्तर आपोआप पसरते. जुन्या आवृत्त्यांत आधी पाच ओळी आणि सहा रकाने एवढी जागा निवडावी लागते आणि शेवटी कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबावे लागते.

एक्सेलमधले हे सूत्र रिकाम्या घराच्या जागी शून्य दाखवते. पाणीसाठ्याच्या तक्त्यात हे घातक ठरते, कारण नोंद राहून गेलेला महिना कोरड्या धरणासारखा दिसतो. पेस्टच्या पद्धतीत अडचण वेगळी येते. तक्त्याबाहेरच्या घरावर अवलंबून असलेली सूत्रे भलत्याच घराचा संदर्भ घेऊ शकतात. असा संदर्भ डॉलरचे चिन्ह लावून आधी पक्का करावा, किंवा 'व्हॅल्यूज' आणि 'ट्रान्सपोज' हे दोन्ही निवडून नुसते आकडे उतरवावेत. जोडलेली घरे, म्हणजे 'मर्ज' केलेले सेल, फिरवण्यापूर्वी सुटे करणे बरे. फक्त आलेखातली बाजू बदलायची असेल, तर तक्त्याला हातही लावावा लागत नाही. आलेखाच्या 'डिझाइन' भागातले 'स्विच रो/कॉलम' हे बटण पुरते.

रोज वाढणारी नोंद मात्र उभीच ठेवावी, म्हणजे तारखा वरून खाली जाव्यात. 2007 पासून एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळी मावतात, पण रकाने 16,384 च आहेत. दिवसाला एक नोंद धरली, तर रकाने पंचेचाळिसाव्या वर्षी संपतात आणि ओळी अठ्ठावीसशेहून अधिक वर्षे पुरतात. शिवाय गाळणी, म्हणजे 'फिल्टर', रकान्यांवर लागते आणि पिव्होट टेबललाही एका ओळीत एक नोंद हवी असते. त्यामुळे मूळ नोंदवही उभी ठेवावी आणि छपाईसाठी किंवा तुलनेसाठी लागेल तेव्हा तिची फिरवलेली प्रत वेगळ्या पानावर काढावी.