दुकानात न मिळणारे रूळ

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना आगगाडीविषयी जे अगत्य वाटते, त्याचे कारण निराळे सांगावयास नको. आमच्या बारडोलीतील अनेक मराठी घरांचे मूळ खानदेशात आहे, आणि त्यांना इकडे आणणारा मार्ग म्हणजे ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत–भुसावळ लोहमार्ग. अशा घरातील एखाद्या मुलाने, किंवा निवृत्त आजोबांनी, हीच आपली गाडी टेबलावर लहान रूपात उभी करण्याचे मनात आणले, तर पहिली अडचण इंजिनाची येत नाही. येते ती रुळांची.

ती अडचण आकड्यांतच पाहिलेली बरी. छोट्या आगगाड्यांचे जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे आहे. त्या मापाचे तयार रूळ दुकानात मिळतात, त्यांच्यातील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला ते अगदी बरोबर आहे. आपला रुंद मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्यास सत्त्याऐंशीने भागले की सव्वाएकोणीसच्या किंचित वर उत्तर येते. फरक अवघा पावणेतीन मिलिमीटरांचा. पण प्रत्यक्षात तो साडेनऊ इंचांचा आहे. परदेशी रुळांवर आपला डबा ठेवला म्हणजे तो अरुंद पायांवर उभ्या असलेल्या कपाटासारखा दिसतो. ज्याला केवळ गाडी पळताना पाहावयाची आहे त्याने तयार रूळ खुशाल घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. ज्याला आपली गाडी हवी, त्याने मात्र रूळ हातानेच घातले पाहिजेत.

छोट्या आगगाडीचा छंद मराठी माणसाला परका नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे सरकारांच्या भोजनाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे, आणि पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया व सिगार नेत असे. तो राजवैभवाचा प्रकार झाला. सामान्य माणसाच्या चिकाटीचे उदाहरण पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून तेथे १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. स्थानके, सिग्नल, उड्डाणपूल, दिवे यांसह अख्खे नगर तेथे आहे. सुटीत पुण्यास जाणाऱ्या वाचकांनी मुलांना ते अवश्य दाखवावे.

आता हाताच्या रुळांविषयी. रूळ ‘जर्मन सिल्व्हर’चे असतात, जुन्या घरांतील ताटवाट्यांमुळे हे नाव गृहिणींना ठाऊक असेलच. त्यात चांदी नसते. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू. विजेला तो वाट देतो आणि लोखंडासारखा गंजत नाही. तयार मार्गाच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरांतून असा रूळ ओढून काढता येतो. उंची सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या मोठ्या रुळांशी जुळणारी. स्लीपरसाठी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळणारा, एका अंगाला तांब्याचा पत्रा असलेला फायबरचा तक्ता घ्यावा. त्याच्या तीन मिलिमीटर रुंद व साडेएकतीस मिलिमीटर लांब पट्ट्या कापाव्यात. आजच्या मार्गावरील अंतराच्या हिशेबाने एका मीटरला जवळजवळ एकशे पंचेचाळीस स्लीपर लागतात. सारेच तांब्याचे नकोत. दर चौथा-पाचवा तांब्याचा ठेवून मधले लाकडी पट्टीचे चिकटवले तरी चालते.

तांब्याच्या प्रत्येक स्लीपरवर मधोमध कानशीने पत्रा खरवडून एक बारीक चर पाडावा लागतो. दोन रूळ म्हणजे बारा व्होल्ट विजेची दोन टोके. चर नसेल तर वीज स्लीपरवरूनच पलीकडे जाईल आणि गाडी जागची हलणार नाही. मग एक रूळ पट्टीने सरळ करून डाख द्यावयाचा, आणि दुसरा रूळ अंतर मोजणाऱ्या ठोकळ्याला टेकवून बसवावयाचा. कथील कमी, उष्णता बेताची आणि हात स्थिर असावा लागतो. आमच्या शाळेतील वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी दोन मुले या कामात पहिल्या रांगेत आहेत. प्रश्नपत्रिकेला या गुणाची दखल घेता येत नाही, हे मला मुख्याध्यापक म्हणून नोंदवावेसे वाटते.

खरी परीक्षा सांध्याची. रुळाची जीभ कागदासारखी पातळ घासावी लागते, आणि जेथे रूळ रुळाला छेदतो तेथे चाकाच्या कडेपुरती फट ठेवून समोर धाक-रूळ बसवावा लागतो. फट मोठी झाली की चाक खड्ड्यात पडते, लहान झाली की वर चढते. शिवाय छेदाच्या त्या टोकाची वीज सांधा बदलताच बदलली पाहिजे. एका सांध्याला एक अख्खी सुटी सहज जाते. चाकांचे जोडही रुंद करावे लागतात. डब्यांचे काम सोपे, इंजिनाचे फार किचकट.

आमच्या दक्षिण गुजरातेत दुसरीही एक गाडी आहे, जिची मापे घेऊन ठेवणे मला निकडीचे वाटते. बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातील बिलीमोरा–वघई हा ७६२ मिलिमीटरचा त्रेसष्ट किलोमीटरांचा मार्ग. २०२० साली तो बंद करण्याचा निर्णय झाला होता. लोकांनी आवाज उठवला आणि २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. सत्त्याऐंशीच्या प्रमाणात तिचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरांवर येतात. नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात खरे, पण त्यांचे स्लीपर बुटके आणि दाट. म्हणजे तेही शेवटी हातानेच घालणे आले. एखादा मार्ग उखडला गेला की जुना फलाट किती उंच होता, पाण्याची टाकी कोठे होती, हे सांगणारे कोणी उरत नाही. छायाचित्रांत मोजपट्टी नसते.

आमच्या मुलांनी मात्र नवापूरचे स्थानक निवडले आहे. त्याचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. फलाटावरच्या एका बाकाचे अर्धे अंग इकडे, अर्धे तिकडे. अठरा डब्यांची गाडी या मापात साडेचार मीटरांहून लांब होते, आणि आमची खोली तेवढी नाही. तेव्हा फलाट आखूड करणे भाग आहे. कोणत्या राज्याचा कापावयाचा, यावर बरीच वादावादी झाली. दोन्हीकडचा सारखा कापावा असे ठरले आहे. बाक मात्र सीमेवरच राहील. त्याची मापे घ्यावयास दोघे विद्यार्थी येत्या रविवारी नवापूरला जाणार आहेत.