वेग कमी केला की गाडी का बंद पडते?

धुळ्याहून जळगावला जाणारा हमरस्ता आपल्या ओळखीचा आहे. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे लागतात. अंतर सुमारे ९० किलोमीटर. पेट्रोलची गाडी या रस्त्यावर छान पळते. पण गाव जवळ आले, ड्रायव्हरने वेग कमी केला, की एखादी गाडी गपकन बंद पडते. किल्ली फिरवली तर लगेच सुरूही होते. असे का बरे होते?

कंदील आठवा. वात मोठी असली की ज्योत टिकते. पण वात अगदी बारीक केली आणि हवेची भोके काजळीने बुजलेली असली, तर ज्योत विझते.

इंजिनाचेही तसेच आहे. त्याला पेट्रोलबरोबर हवा लागते. आपण रेस देतो तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप उघडते. भरपूर हवा आत जाते. रेस सोडली की झडप मिटते. मग लहानशा वाटेने येईल तेवढ्याच हवेवर इंजिन चालते. त्या वाटेत काजळी साचली, की इंजिन गुदमरते. पळताना हा दोष लपतो. थांबताना उघडा पडतो.

आता दोष कसा शोधायचा ते पाहू.

आधी आपली सवय तपासावी. वरच्या गिअरमध्येच क्लच न दाबता गाडी थांबवली, तर ती बंद पडणारच. तो गाडीचा दोष नव्हे.

मग एअर फिल्टर उघडून पाहावा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार. फिल्टर धुळीने भरतो.

इंजिन चालू असताना फुस्स असा आवाज येतो का, ते ऐकावे. रबरी नळी चिरली असेल तर नको तिथून हवा आत शिरते. ऐकताना हात, पदर, उपरणे पंख्यापासून दूर ठेवा बरं का!

हे सारे ठीक असेल, तर मिस्त्रीकडून हवेची झडप आणि ती लहान वाट साफ करून घ्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. गाडी चढावरही दम सोडत असेल, तर मात्र पेट्रोल कमी पोहोचत असेल. मग पेट्रोलचा फिल्टर आणि पंप पाहावा.

'होते सुरू पुन्हा, चालायचेच,' असे म्हणून सोडून देऊ नका. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदतही संपत जाते. एकदोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते. मागून ट्रक येत असतो. अशा वेळी घाबरू नये. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये. एकदाच जोराने दाबून धरावा. किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंग जागीच अडकते. गाडी कडेला घ्यावी, मगच सुरू करावी.

मिस्त्रीला नुसते 'गाडी बंद पडते' असे सांगू नका. केव्हा पडते? गरम असताना की थंड असताना? क्लच दाबल्यावर की आधी? एसी चालू होता का? लगेच सुरू झाली का? हे सारे कागदावर लिहून न्या. आता आपल्याला लिहिता येते. नीट लिहिलेल्या चार ओळींनी दोष लवकर सापडतो आणि नको तो खर्च वाचतो.