लेकरू शाळेत जाताना : तयारी घरातली, तयारी कागदावरची

विष्णुपुरीत लेकरांना दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. गोदावरीवरचे धरण आहे. १९८१ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या आवारात झाडलोट, बागकाम, बांधकाम करणाऱ्या प्रत्येक आईबापाला वाटते की, आपले लेकरू या दारातून विद्यार्थी म्हणून आत जावे. पण त्या दाराची वाट अंगणवाडीतून आणि पहिलीच्या वर्गातून जाते.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. त्याआधी घराघरांत नवे दप्तर, बूट, पाण्याची बाटली यांची धावपळ सुरू होते. काही घरांत चार वर्षांच्या लेकराचा हात धरून ए-बी-सी-डी गिरवून घेतात. चुकले की धपाटा देतात आणि वर दटावतात, "शाळेत मास्तर हाणतील, मग कळंल!" ज्या शाळेत लेकराने हसत जावे, तिचीच भीती आपण आधी त्याच्या मनात घालतो. हे थांबले पाहिजे.

पहिल्या दिवशी गुरुजींना वर्गात काय हवे असते? लेकराने आपले नाव स्पष्ट सांगावे. तहान लागली तर पाणी मागावे, लघवीला लागली तर न लाजता सांगावे. हात धुवून आपल्या हाताने जेवावे. चार मुलांत थोडा वेळ बसावे, आपली पाळी येईपर्यंत थांबावे. हे शिकवायला शिकवणी लागत नाही, पैसाही लागत नाही. डाळ निवडताना तूर आणि मूग वेगळे करायला सांगा. भाकरी मोजायला लावा. भांडी लहान-मोठी लावायला द्या. रात्री आजीने गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दिवशी तीच लेकराकडून ऐकावी. ते घरच्या बोलीत बोलले तर हसू नका. बोलीतून धीटपणे बोलणारे मूल पुस्तकाची भाषाही लवकर उचलते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. महागड्या साधनांऐवजी दगड, शिंपले, पाने, बिया घेऊन त्यांनी गरिबांच्या अंगणात बालवाडी भरवली. राज्य शासनानेही २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालवले आहे. त्याच्या मेळाव्यात मूल उड्या मारते, वस्तूंच्या जोड्या लावते, चित्र पाहून बोलते. मुलाला काय जमते आणि घरी काय करून घ्यावे, हे तिथे आईला सांगतात. मजुरी बुडते म्हणून आईला जमत नसेल तर आजीने जावे, पण मेळावा चुकवू नये.

आता कागदाचे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. एका अक्षरापायी लोकांना किती हेलपाटे पडतात, हे रोज पाहतो. आपल्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तरांनी अंदाजाने तीच तारीख लिहिली. लेकरांच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. जनरल रजिस्टरात जे चढते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. म्हणून नाव, वडिलांचे व आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म आणि जात यांची नोंद जन्मदाखला व वडिलांचा जातीचा दाखला समोर ठेवूनच करावी, आणि झालेली नोंद स्वतः वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर वस्तीतला शिकलेला पोरगा सोबत न्यावा. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वय वाढवून घाई करू नये.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आपल्या बाजूने आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. मुलाला मारणेही कायद्याने बंद आहे. याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. अनुसूचित जातीच्या पालकांना त्यात उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. त्या काळी बाबासाहेबांना बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. आज कायदा बदलला आहे, तरी आपण डोळे उघडे ठेवायला हवेत. लेकरू घरी आले की "काय शिकवलं?" हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. कुणाजवळ बसलास? पाणी कुठं प्यालास? भात कुणासोबत खाल्लास? उत्तर मनाला खटकले तर लेकराला गप्प करू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे मुख्याध्यापकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. त्या जागांवर आपल्या वस्तीतल्या आया बसल्या पाहिजेत.

कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही एक काम अंगावर घ्यावे. शाळा उघडेपर्यंत रविवारी एक तास विहारात वस्तीतली लहान मुले जमवावीत. गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, खेळ घ्यावेत. एखाद्या सकाळी सर्वांना नेऊन शाळेची इमारत, नळ, संडास आणि पहिलीचा वर्ग दाखवून आणावा. पाहिलेल्या जागेची भीती कमी होते, आणि ओळखीचा सोबती असला म्हणजे पहिल्या दिवशीचे रडूही लवकर थांबते.