आकडा खाली येईपर्यंत

निपाणीत कॅन्सर म्हटलं की आधी तंबाखू आठवते. वखारी, विडीकाम आणि तोंडाचा कॅन्सर. गर्भारपणातून उद्भवणाऱ्या कोरिओकार्सिनोमाचं नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

हा दुर्मीळ कॅन्सर अनेकदा द्राक्षगर्भातून सुरू होतो. दिवस गेलेले असतात, पण पिशवीत बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढतात. डॉक्टर पिशवी साफ करतात, अंगावरून जाणं थांबतं, बाई घरी जाते. तरी पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरातल्या १५ ते २० जणींमध्ये रोगाच्या पेशी वाढतच राहतात. त्यांचा माग रक्तातून लागतो. गर्भारपणाच्या चाचणीत दिसणारं एचसीजी हेच संप्रेरक या पेशी तयार करतात. गाठीचा तुकडा काढायला गेलं तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बहुतेकदा एचसीजीच्या आकड्यांवरूनच केमोथेरपी ठरते.

१९५६ साली अमेरिकेत मिन चिऊ ली यांनी अशा रुग्णाला मेथोट्रेक्सेट दिलं. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ले प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनातून आलेलं हे औषध. फुप्फुसातल्या गाठी नाहीशा झाल्या, पण लघवीतलं एचसीजी अजून उरलं होतं. ते संपेपर्यंत औषध चालू ठेवायचा आग्रह ली यांनी धरला आणि त्यापायी नोकरी गमावली. पुढे त्यांचंच खरं ठरलं: औषध लवकर थांबवलेल्यांचा रोग उलटला. १९७२मध्ये ज्युडिथ वैटुकैटिस आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं एचसीजी नेमकं मोजण्याची पद्धत दिली.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव ७५. सीमाभागातली माणसं सोयीप्रमाणे दोन्हीकडे जातात. या तपासणीत मात्र तसं करू नये. दोन प्रयोगशाळांची यंत्रं वेगळी असली की आकडेही वेगळे येऊ शकतात; मग रोग वाढला की नुसती पद्धत बदलली, हे कळेनासं होतं. बाईने प्रत्येक वेळी प्रवास करायची गरज नाही. नमुना गावात घेऊन पाठवता येतो, फक्त तो दर वेळी एकाच ठिकाणी जायला हवा.

आकडा सामान्य झाल्यावरही काही महिने तपासण्या चालतात. तोवर दिवस जाऊ द्यायचे नसतात, कारण नव्या गर्भाचं एचसीजीही त्यातच मिसळतं. हे नवऱ्याला आणि सासूलाही डॉक्टरांनी समोर बसवून सांगावं. पाळणा हलण्याची घाई झालेल्या घरात एकट्या सुनेचं कोण ऐकणार? कमी जोखमीच्या जवळजवळ सगळ्या रुग्ण पूर्ण बऱ्या होतात, बहुतेकींना पुढे मूलही होतं. केमोथेरपी घेतलेल्या बाईचं त्या बाळंतपणानंतरही एकदा एचसीजी तपासतात.