पात्रता फेरीची भाषा : ‘पात्र’, ‘अपात्र’ आणि ‘बाद’



वृत्तपत्राच्या क्रीडापानावर ‘पात्रता’ हा शब्द आपण नेहमी वाचता. क्रीडाव्यवहारात हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी योजला जातो आणि त्यामुळे बातमीचा अर्थ पालटू शकतो. हा भेद आपण एका प्रत्यक्ष स्पर्धेच्या आधारे समजून घेऊ. उदाहरण मुद्दाम अपरिचित खेळाचे घेतले आहे. परिचित खेळाविषयी वाचताना आपले शब्दांकडे फारसे लक्ष जात नाही.

रग्बी लीग हा प्रत्येकी १३ खेळाडूंच्या दोन संघांतील खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा, हे त्याचे मुख्य सूत्र. साथीदाराकडे चेंडू फेकताना तो पुढे फेकता येत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याची प्रतिपक्ष पकड करतो आणि सहा पकडींनंतर चेंडूचा ताबा बदलतो. ‘पकड’ हा कबड्डीतील शब्द येताच खेळाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते, हेही लक्षात घ्यावे.

या खेळाचा २०२१ चा विश्वचषक करोनामुळे पुढे ढकलला गेला व २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुरुषांच्या स्पर्धेत १६ संघ होते. काही संघांना आधीच्या विश्वचषकातील कामगिरीवर थेट प्रवेश मिळाला; उर्वरित जागांसाठी विभागवार पात्रता स्पर्धा झाल्या. अमेरिका विभागाची स्पर्धा नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे झाली. अंतिम सामन्यात जमैकाने अमेरिकेला १६-१० असे हरवून प्रथमच विश्वचषकात स्थान मिळवले. अमेरिकेला आणखी एक संधी मिळाली. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये कुक बेटांच्या संघाने तिचा ३८-१६ असा पराभव केला.

आता बातमी लिहू. ‘जमैका विश्वचषकासाठी पात्र ठरला’ हे वाक्य योग्य आहे. मग ‘अमेरिका अपात्र ठरली’ असे लिहावे काय? तसे लिहिल्यास अमेरिकेने नियमभंग केला, असा समज होईल. वास्तविक ती केवळ हरली. येथे ‘पात्रता मिळवू शकली नाही’ किंवा ‘बाद झाली’ अशी रचना हवी.

असे का होते? संस्कृतातील ‘पात्र’ म्हणजे भांडे. त्यावरून ‘धारण करण्यास योग्य’ हा अर्थ विकसित झाला. ‘सत्पात्री दान’ या प्रयोगात तो स्पष्ट दिसतो. म्हणजेच ‘अपात्र’ या शब्दात योग्यतेविषयीचा निवाडा अंगभूत आहे. अरबी-फारसीतून आलेला ‘बाद’ हा शब्द मात्र हिशेबातील वजावटीचा आहे. तो संख्येतून काढून टाकतो. नीतीविषयी काही बोलत नाही.

दुसरा अर्थ खेळाडूच्या हक्काचा. रग्बी लीगमध्ये जन्म, आईवडील वा आजीआजोबा यांचा जन्म, किंवा दीर्घकाळचे वास्तव्य, यांपैकी एका आधारावर एखाद्या देशाकडून खेळता येते. ही पात्रता मैदानावर कमवावी लागत नाही; कागदपत्रांनी सिद्ध करावी लागते. म्हणून संघ सामने जिंकून ‘पात्र ठरतो’, तर खेळाडू नियमानुसार खेळण्यास ‘पात्र असतो’. ‘ठरणे’ आणि ‘असणे’ या क्रियापदांनी मराठी हा भेद नेमकेपणाने दाखवू शकते.

हाच भेद आपल्या परिसरातही आढळतो. नेसरीच्या एखाद्या विद्यालयाचा कबड्डी संघ गडहिंग्लज तालुक्याच्या स्पर्धेत जिंकला, तर तो जिल्ह्यासाठी पात्र ठरेल. तेथून विभाग आणि मग राज्य. पण १७ वर्षांखालील गटातील एखाद्या मुलाचे वय नियमाहून अधिक निघाले, तर तो उत्तम खेळूनही त्या गटासाठी अपात्र असेल. या दोन घटनांची बातमी एकाच शब्दात दिली, तर प्रामाणिकपणे हरलेल्या मुलांवर अकारण ठपका येतो. गावात असा शब्द वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

‘निवड’ हा तिसरा शब्द याहून निराळा आहे. पात्र असलेल्यांमधून कोणीतरी निवडतो. आणि निवडीनंतरही प्रवास बाकी राहतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले, तेव्हा प्रश्न पैशांचा होता. प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. पात्र असणे, पात्र ठरणे, निवड होणे आणि प्रत्यक्ष पोहोचणे या चार पायऱ्या आहेत. लेखकाने त्या एकमेकींत मिसळू नयेत.

स्वाध्याय : आपल्या तालुक्यातील कोणत्याही स्पर्धेची बातमी घ्या. तीत ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘बाद’ व ‘निवड’ हे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत ते तपासा आणि जेथे पराभूतावर अन्याय होतो, ते वाक्य पुन्हा लिहा.